मुलीच्या सायकलला मोटर बसवली, त्याची हकिकत

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात आशा स्वयंसेविका आहे. आमचं गाव आणि कोलाम आदिवासींची दोन पोडं, म्हणजे वस्त्या, माझ्याकडे येतात. एक पोड गावापासून तीन किलोमीटर, दुसरं साडेचार. प्राथमिक आरोग्य केंद्र आठ किलोमीटरवर. पहिल्या पोडाचा रस्ता सपाट आहे. दुसऱ्याचा शेवटचा दीड किलोमीटर मात्र चढाव आहे, तोही मुरूम आणि सुट्या गिट्टीचा. तिथं ऑटो जात नाही, एसटी तर लांबची गोष्ट.

२०२४ चा तान्हा पोळा ३ सप्टेंबरला होता. त्या दिवशी त्या वरच्या पोडात एका बाळाची तिसऱ्या दिवसाची भेट होती. दवाखान्यात बाळंतपण झालं की आम्हाला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जावं लागतं. वजन करायचं, ताप बघायचा, नाळ बघायची, बाळ नीट पितंय का ते बघायचं. मी सकाळी निघाले, पण चढावाला लागल्यावर टोंगळ्यांनी, म्हणजे गुडघ्यांनी, साथ सोडली. सायकल ढकलत थोडं चालायचं, बसायचं, परत चालायचं. पोहोचेस्तोवर दुपारचा एक वाजला. बाळाचे तळपाय हाताला गार लागत होते. लगेच त्याला आईच्या उघड्या छातीशी लावलं, वरून घोंगडी घातली, तासभर तिथंच बसले. बाळ उबेला आलं, दूध ओढायला लागलं. पण परत येताना मनात एकच होतं, की दहाला पोहोचायला हवं होतं.

टोंगळ्याची झीज सुरू झाली आहे असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. स्कूटी मला येत नाही आणि पेट्रोल शंभराच्या वर. तयार इलेक्ट्रिक सायकलींच्या किमती तीस हजारांच्या आसपास ऐकल्या, आणि बिघडली तर घाटंजीत तिचा एक स्क्रूही मिळणार नाही. घरी मुलीची सायकल पडून होती. आठवीत असताना मानव विकास कार्यक्रमातून मिळालेली, लाल रंगाची, पुढे जाळीची टोपली. पोरगी आता यवतमाळला शिकायला राहते. पुतण्या आयटीआयला इलेक्ट्रिशियन शिकलेला आहे. तो म्हणाला, "काकू, याच सायकलला मोटर बसवू ना." मला तेव्हा असं काही करता येतं हेच माहीत नव्हतं.

किट म्हणजे काय ते आधी सांगते, कारण मलाही पहिले पंधरा दिवस काही कळत नव्हतं. मोटर चाकाच्या मधल्या तुंब्यातच असते. म्हणजे तुम्ही मोटर वेगळी घेत नाही, मोटर असलेलं अख्खं चाकच घेता. त्याच्यासोबत कंट्रोलर नावाची एक डबी, पायडल फिरलं की मोटरला खबर देणारा सेन्सर (याला सगळे पॅस म्हणतात), मोटर बंद करणारे ब्रेकचे दोन लिव्हर, हँडलला लावायचा थ्रॉटल (पिळली की पायडल न मारता मोटर चालवणारी मूठ) आणि एक छोटा डिस्प्ले येतो. बॅटरी आणि चार्जर वेगळे घ्यावे लागतात, आणि जास्त पैसा तिथंच जातो.

पुतण्यानं तीन विक्रेत्यांना फोन लावले. तिघांनीही ३५० वॅटची मोटर घ्या म्हणून आग्रह धरला, थोड्या पैशांचाच फरक आहे म्हणाले. मला भीती होती की उद्या पोलिसांनी अडवलं तर काय. म्हणून ९ ऑक्टोबरला पोरीला भेटायला यवतमाळला गेले तेव्हा परिवहन कार्यालयात जाऊन विचारलं. खिडकीवरच्या साहेबांनी नियम दाखवला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम २ (यू). मोटरची अर्ध्या तासाची ताकद ०.२५ किलोवॅटच्या, म्हणजे २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत. पायडल मारायची सायकल असेल तर पायडल थांबलं की मोटरची मदतही थांबली पाहिजे. एवढं पाळलं तर ते मोटार वाहन धरत नाहीत, म्हणजे नोंदणी, लायसन, नंबर प्लेट काही लागत नाही. पण ते एक गोष्ट ठासून बोलले, की मोटरला चाचणी संस्थेची मान्यता असायला हवी, विक्रेत्याकडून तो कागद मागून घ्या. मी नियमाचा नंबर वहीत लिहून घेतला. नंतर विक्रेत्यांना तो नंबर सांगितला तेव्हा दोघांचा आवाजच बदलला. तिसऱ्यानं मान्यतापत्राची प्रत पाठवली, त्याच्याकडूनच घ्यायचं ठरलं. ३५० वॅटचं नाव मी नंतर काढलं नाही.

पैशांचं असं की माझ्याकडे मोबदल्यातून साठवलेले अकरा हजार होते. बाकीचे बचत गटातून घ्यायचे होते. आमचा गट उमेदमधला, अंतर्गत कर्जाला महिन्याला एक टक्का व्याज. भाऊबीज झाल्यावर ५ नोव्हेंबरला बैठक होती. कर्जाचा अर्ज, विक्रेत्याचं कोटेशन, ठराव, सगळ्यांच्या सह्या, एवढं लागलं. कोटेशन मोबाइलवर आलं होतं, त्याची प्रिंट काढायला घाटंजीला जावं लागलं. बैठकीत बायांनी बरंच विचारलं. शेळीसाठी कर्ज दिलं तर शेळी विकता येते, ही सायकल बंद पडली तर काय विकशील, असं एकीनं विचारलं. प्रश्न रास्त होता. बॅटरीला एक वर्षाची वॉरंटी आहे आणि हप्ता मी मोबदल्यातून देईन, सायकल चालो न चालो, असं सांगितलं. पंधरा हजार मंजूर झाले. महिन्याला हजार आणि वरून व्याज, पंधरा महिने. एकूण व्याज बाराशे.

७ नोव्हेंबरला ऑर्डर दिली. किट ९,६०० ची आणि ३६ व्होल्ट १० एएचची बॅटरी चार्जरसकट १२,४०० ला. दहा दिवसांत येईल म्हणाले होते. मध्ये २० तारखेला विधानसभेचं मतदान होतं, मी केंद्रावर प्रथमोपचाराच्या पेटीसह ड्यूटीला होते, त्या गडबडीत दिवस कळले नाहीत. किट २९ ला आली. बॅटरी मात्र आलीच नाही. विचारलं तर कळलं की लिथियमची बॅटरी विमानानं पाठवत नाहीत, रस्त्यानंच येते, आणि आमच्या पिनकोडला ती घरपोच देत नाहीत. शेवटी ११ डिसेंबरला यवतमाळच्या ट्रान्सपोर्टवर आली. पुतण्यानं मोटारसायकलवर मांडीत धरून आणली. दोन्हीचं भाडं ७४० झालं. गावाकडच्यांनी ऑर्डर देण्याआधीच विचारून घ्या, की बॅटरी कुठपर्यंत येईल. आणि हातात घेतल्यावर लगेच बॅटरीवरचा नंबर बिलावर लिहिला आहे का ते बघा. आमच्या बिलावर नव्हता. तो लिहून मागवायला आणखी चार फोन लागले, पण वॉरंटी त्या नंबरावरच चालते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. यासाठीच मी हे लिहायला बसले.

ऑर्डर देताना विक्रेत्यानं विचारलं, सायकलचं चाक किती इंची? मी टायरवर बघितलं, २६ लिहिलं होतं. २६ सांगितलं. १ डिसेंबरला, रविवारी, चाक घेऊन घाटंजीच्या सायकलवाल्या काकांकडे गेलो. त्यांची वयाची साठी उलटली आहे, आमच्या लग्नातली सायकलही त्यांच्याच दुकानातली. त्यांनी मोटरचं चाक उचललं, माझ्या जुन्या चाकाशेजारी फरशीवर उभं केलं आणि म्हणाले, "ताई, हे २६ नोय. हे दुसरं २६ हाय."

मी पाहिलं तर मोटरचं चाक अंगठ्याच्या नखाएवढं बुटकं. काकांनी फडक्यानं माझ्या टायरची कड पुसली. २६ च्या पुढे १ ३/८ होतं आणि त्याच्या बाजूला अगदी बारीक अक्षरात ३७-५९०. किटच्या रिंगवर ५५९. हा आकडा म्हणजे टायर जिथं बसतो त्या घेराचा मिलिमीटरमधला व्यास. दोन्हींना बाजारात २६ च म्हणतात. एक लेडीज सायकलचं २६, एक जाड टायरच्या गिअरवाल्या सायकलचं. फरक ३१ मिलिमीटरचा, म्हणजे ब्रेकचे गुटके रिंगपासून साडेपंधरा मिलिमीटर वर येतात आणि रबरावर घासतात. ब्रेक लागतच नाही. टायर घट्ट करून, ठोकून बसवायची ही गोष्टच नव्हे.

मी तिथंच स्टुलावर बसले. कर्ज काढून आणलेली वस्तू, बदलून मागायची तर परत तीन आठवडे आणि जाण्यायेण्याचं भाडं आमच्याच माथी. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. जुनं चाक फिरवत रिंगची छिद्रं मोजत होते. मग म्हणाले, "छत्तीस हायेत. मोटरचे बी छत्तीस. तुमचीच रिंग मोटरवर चढवू, फक्त आरे लांब लागन." आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० छिद्रं असतात, तिथं हा उपाय चालला नसता. मोटरच्या तुंब्याला ३६ असतात. म्हणून मापं घेताना छिद्रंही मोजा.

लांब आरे घाटंजीत नव्हते. काकांनी मोटरच्या चाकातला एक आरा सोडवून माप लिहून दिलं, पुतण्याचा मित्र नागपूरला जाणार होता त्यानं ८ तारखेला आणून दिले. निपलसकट ४३० रुपये. चाळीस आणायला सांगितले होते, चार जास्तीचे. ते पुढे कामी आले.

१४ डिसेंबरला काकांनी चाक बांधलं, मी पूर्ण वेळ समोर बसून पाहिलं. मोटर मांडीवर घेऊन एकेक आरा ओवायचा, एक वरून, एक खालून, प्रत्येक आरा दुसऱ्यांना ओलांडून जाणार. सगळे ओवून झाल्यावर चाक चिमट्यात (सायकलचं चाक ज्या दोन दांड्यांच्या मधे बसतं तिथं) अडकवून आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढणं सुरू झालं. चाक फिरवायचं, रिंगच्या कडेला खडू टेकवायचा, जिथं रिंग बाहेर येते तिथं खडूची रेघ उमटते. त्या रेघेजवळचे एका बाजूचे आरे पाव वळण कसायचे, दुसऱ्या बाजूचे पाव वळण सैल करायचे. रेघ पुसायची, परत फिरवायचं. हे पाऊण तास चाललं. शेवटी खडू सगळ्या रिंगला सारखा लागला. मग त्यांनी दोन दोन आरे चिमटीत दाबून कान लावला. सगळ्यांचा आवाज सारखा आला पाहिजे, म्हणाले. हाताचं काम असं असतं.

दुसरी अडचण मागच्या चिमट्याची. माझ्या सायकलचा चिमटा आतून ११८ मिलिमीटर होता, मोटरच्या एक्सलला १३५ लागतात. काकांनी चुड्यांचा लांब बोल्ट आत घातला, दोन्हीकडून नट फिरवत चिमटा हळूहळू फाकवला. एकदम नाही, थोडं फाकवायचं, सोडायचं, मापायचं, कारण लोखंड थोडं परत येतं. मध्य चुकू नये म्हणून एका बाजूच्या टोकाला दोरा बांधला, तो पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या टोकाला आणला. मधल्या नळीपासून दोन्हीकडचा दोरा सारखा दूर असला की चिमटा सरळ. हे फक्त लोखंडी सायकलला करावं, अ‍ॅल्युमिनिअमची असेल तर ती तडकते. मोटरचा एक्सल दोन बाजूंनी चपटा, दहा मिलिमीटरचा असतो. त्यासाठी चिमट्याची खाच कानशीनं थोडी घासावी लागली. जास्त घासायची नाही, एक्सल घट्टच बसला पाहिजे.

घट्ट का, ते समजून घ्या. साध्या चाकाचा एक्सल स्थिर असतो, त्याला फिरवणारा जोर नसतो. मोटरचं चाक पुढे ढकलतं तेव्हा एक्सल उलट दिशेला फिरायला बघतो. तो फिरला तर तारा पिळून तुटतात आणि चाक चिमट्यातून निसटू शकतं. म्हणून टॉर्क आर्म नावाची पोलादी पट्टी लावतात, ती एक्सलच्या चपट्या भागाला धरते आणि तिचं दुसरं टोक सायकलच्या नळीला आवळतात. आमच्या किटमध्ये ती नव्हती, ३०० रुपयांची वेगळी मागवली. विक्रेता म्हणाला २५० वॅटला गरज नाही. काका म्हणाले लावा. मी काकांचं ऐकलं.

पुढची मोटर का नाही घेतली असं बरेच जण विचारतात. ती बसवायला सोपी असते, खरं आहे. पण गिट्टीच्या चढावावर पुढचं चाक घसरतं, आणि हलक्या पुढच्या चिमट्यावर एवढा जोर मला नको होता.

२१ आणि २२ डिसेंबर, शनिवार-रविवार, आम्ही दोघांनी अंगणात बाकीचं केलं. पॅसची चुंबकाची चकती पायडलच्या दांडीजवळ बसते, त्यासाठी क्रँक काढावा लागतो. आमची कॉटर पिन (क्रँक पक्का धरणारी खिळी) गंजून इतकी बसली होती की रॉकेल घालून रात्रभर ठेवली तेव्हा सकाळी हातोडीनं निघाली. नवी पिन दहा-पंधरा रुपयांची, आधीच आणून ठेवा. चकतीवर बाण असतो, तो पायडल फिरण्याच्या दिशेनंच हवा. कंट्रोलर कॅरिअरखाली बांधला, तारांचं तोंड खाली ठेवून. प्रत्येक तार आधी खाली वळवून मग वर नेली, म्हणजे पावसाचं पाणी वळणावरून टपकून जातं, डबीत शिरत नाही. लेडीज सायकलला आडवी नळी नसल्यामुळे बॅटरी मधे बसत नाही. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून कॅरिअरवर कुलपाची पत्र्याची पेटी करून घेतली, ८५० रुपये, आत खाली जाड रबराची शीट. माझी वजनकाट्याची आणि औषधांची पिशवी पुढच्या टोपलीत गेली.

२२ ला दुपारी चाक उचलून धरून पहिल्यांदा चालू केलं. मोटर फिरलीच नाही. नुसती थरथरत होती, घरघर आवाज. माझ्या तोंडचं पाणी पळालं. पुतण्यानं सगळे जोड उघडले, मल्टिमीटर लावला (२५० रुपयांचा घेतला होता, प्रत्येकानं घ्यावा). मोटरकडून येणाऱ्या बारीक तारांच्या जोडात एक पिन वाकून बाहेर राहिली होती. जोड दाबताना आम्हीच वाकवली असणार. शिवणाच्या सुईनं ती सरळ केली, परत जोडलं. चाक इतकं शांत फिरायला लागलं की शेजारच्या बाईनं विचारलं, चालू केलं की नाही? तुम्हाला अशी घरघर आली तर मोटर जळाली असं समजून परत पाठवू नका, आधी सगळे जोड उघडून पिना बघा.

२६ डिसेंबरला वरच्या पोडाला गेले. चढावाच्या पायथ्याशी सवयीनं उतरायला पाय खाली टेकवला होता. मग परत बसले, मदत तिसऱ्या नंबरवर केली आणि पायडल मारलं. कापसाची बंडी धुऱ्यावर अडली की मागून कोणीतरी चाकाला खांदा लावतं आणि बैलांचा ताण एकदम कमी होतो, तसं झालं. पायडल मारावंच लागतं, ती आपोआप चढत नाही. पण जोर टोंगळ्यात जात नव्हता. गावातून निघाल्यापासून बावीस मिनिटांत पोडावर होते. आवाज नसल्यामुळे पोरांना कळलंच नाही, मी घंटी वाजवली तेव्हा धावत आली. ते सप्टेंबरचं बाळ आता चार महिन्यांचं होतं, आजीच्या कडेवर. त्याचं वजन केलं, लसीची तारीख सांगितली. नंतर मोहाच्या झाडाखाली दोन मिनिटं बसले आणि डोळे भरून आले.

चार्जिंगबद्दल आमच्या भागातल्यांना मुद्दाम सांगायचं आहे. डिसेंबर-जानेवारीत आपल्या घरांत कापूस भरलेला असतो. भाव वाढायची वाट बघत बैठकीच्या खोलीत छतापर्यंत गंजी असते. त्या खोलीत बॅटरी चार्जिंगला लावायची नाही म्हणजे नाही. लिथियमच्या बॅटरीला आग क्वचित लागते, पण लागली तर विझता विझत नाही, आणि कापसाला ठिणगी पुरे. मी मागच्या पडवीत, शहाबादी फरशीवर, भिंतीपासून दूर ठेवते. रात्री लावून झोपत नाही. रिकाम्या बॅटरीला दोन अँपिअरच्या चार्जरनं पाच तासांच्या वर लागतात, म्हणून पहाटे पाचला उठल्यावर लावते, निघेपर्यंत पुरेशी भरते. पूर्ण भरली की मीटरवर ४२ व्होल्ट दिसतात. मोजून पाहिलं, एका पूर्ण चार्जिंगला अर्धं युनिटही लागत नाही. लाइट गेली तर चार्जर काढून ठेवा. परत येताना व्होल्टेज उसळतं, त्यात शेजाऱ्यांचा टीव्ही गेला आहे.

उन्हाळ्यात पारा चढला तेव्हा बॅटरीची पेटी हात लावू देत नव्हती. उन्हातून आल्यावर लगेच चार्जिंगला लावायची नाही, सावलीत तासभर निवू द्यायची. पेटीला वरून पांढरा रंग दिला आणि ओलं नाही, कोरडं पोतं टाकते. बारा वाजेच्या आत फेरी संपवते, ते तसंही बरं.

एका चार्जिंगला किती जाते? मदत दोनवर आणि पायडल मारत माझे २६-२८ किलोमीटर होतात. चढाव जास्त असला की २२. विक्रेत्यांनी ४० सांगितले होते, त्यातून तिसरा हिस्सा वजा करूनच हिशोब धरा.

थ्रॉटल मी काढून टाकला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सायकल अंगणात उभी होती, चालूच राहिली होती. शेजारच्या पाच वर्षांच्या मुलानं मूठ पिळली, सायकल स्टँडवरून उडून तुळशीवृंदावनाला धडकली. पोराला काही झालं नाही, टोपली चेपली. चालू ठेवल्याची चूक माझी. दुसऱ्याच दिवशी तो जोड सोडवला. आता पायडल मारल्याशिवाय ती हलत नाही, नियमातही तेच आहे, आणि मला कधी गरज पडली नाही. उतरताच चावी काढायची, ही सवय लागेपर्यंत चावीला लाल रिबीन बांधली होती.

पावसाळ्यात तिची साथ अर्धीच आहे, हे लपवणार नाही. काळ्या मातीच्या पांदणीत चाक आणि मडगार्डच्या मधे चिखल असा भरतो की चाक फिरत नाही, आणि अशा वेळी मोटरनं रेटायला गेलं की कंट्रोलर तापून बंद पडतो. जुलैत एकदा असंच झालं. वजन सात किलोंनी वाढलेलं, चिखल वेगळा, ती सायकल बाहेर काढताना दोन माणसं लागली. तेव्हापासून जून ते सप्टेंबर पहिल्या पोडाला जाताना सायकल डांबरी रस्त्याच्या कडेला ओळखीच्या वावरातल्या कोठ्यात ठेवते आणि पुढे पायी जाते. वरच्या पोडाचा रस्ता मुरमाचा आहे, तिथं पावसातही चालते. धुताना पाइपचा जोर मोटरच्या बाजूला मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

सप्टेंबरात मागचे दोन आरे तुटले. मोटरच्या चाकावर ताण जास्त असतो, दर दोन महिन्यांनी आरे चाचपून सैल असतील ते कसून घ्यावे लागतात, मी ते चुकवलं होतं. नागपूरहून आणलेल्या त्या चार जास्तीच्या आऱ्यांतले दोन लागले.

एकूण खर्च विचारणाऱ्यांसाठी: किट, बॅटरी, भाडं, आरे, टॉर्क आर्म, पेटी आणि मल्टिमीटरचे वर सांगितले. काकांची मजुरी ७००. नवे ब्रेकचे गुटके, केबल, कॉटर पिन आणि मागचा टायर-ट्यूब मिळून ६९०. सगळं २५,९६०, व्याज वेगळं. वेळ ऑर्डरपासून पहिल्या फेरीपर्यंत सात आठवडे. मापं आधी घेतली असती तर त्यातले काही दिवस नक्की वाचले असते.

गटाचा शेवटचा हप्ता मी या फेब्रुवारीत भरला. शेळीचा प्रश्न विचारणारी जाऊबाई वहीत सही करताना म्हणाली, "मले बी पायजे, पण माह्या सायकलले बसन का?" तिची सायकल बाहेर उभी होती. आम्ही दोघी वाकलो, तिनं पदरानं टायरची कड पुसली, मी मोबाइलचा लाइट धरला. ३७-५९०. मग रिंगची छिद्रं मोजायला बसलो.